एस्टोनियावरील लेखातून शाळाच गायब

महोदय,

रविवारच्या पुरवणीत एस्टोनियातील तंत्रज्ञान-उद्योगांवर आलेला पानभर लेख मी दोनदा वाचला. इंटरनेटवरून बोलण्याची सोय देणारी स्काइप, परदेशी पैसे पाठवणारी वाइज, भाड्याच्या गाड्या पुरवणारी बोल्ट, पदपथावरून सामान पोहोचवणारे स्टारशिपचे यंत्रमानव, नफा कंपनीतच गुंतवून ठेवला तर 2000 सालापासून न लागणारा कर, हे सारे त्यात सविस्तर आले आहे. शाळेचा मात्र एका शब्दानेही उल्लेख नाही. सारी हयात गणित शिकवण्यात घालवलेल्या माणसाला ही गोष्ट खटकली. तिच्यामुळे लेखाचा निष्कर्षच चुकला आहे असे माझे ठाम मत आहे, म्हणून हे पत्र.

‘देश छोटा म्हणून जमले,’ असे लेखक म्हणतात. एस्टोनियाची लोकसंख्या आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी आहे, हे खरे. पण लोकसंख्या कमी असल्याने कारखाने आणि कंपन्या आपोआप उभ्या राहत नाहीत. ऑगस्ट 1991 मध्ये हा देश सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे स्वतःचे चलनसुद्धा नव्हते. क्रोन आला तो जून 1992 मध्ये. अशा ओढाताणीच्या काळात, 1996 साली, राष्ट्राध्यक्ष लेन्नार्ट मेरी यांनी ‘व्याघ्रझेप’ हा कार्यक्रम जाहीर केला आणि पुढच्या वर्षी त्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट पोहोचवायचे, खर्चाचा वाटा स्थानिक पालिकांनीही उचलायचा आणि त्याच वेळी शिक्षकांना शिकवायचे, अशी ही योजना होती. 2001 च्या सुमारास तिथल्या जवळजवळ सर्व शाळा इंटरनेटने जोडल्या गेल्या होत्या. योजनेमागे तेव्हाचे शिक्षणमंत्री याक आविक्सो आणि अमेरिकेतील राजदूत तोमास हेन्ड्रिक इल्व्हेस हे दोघे होते. हेच इल्व्हेस पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. न्यू जर्सीतील शाळेत असताना गणिताच्या शिक्षिकेने आपल्याला प्रोग्रॅमिंग शिकवले आणि त्यातूनच ही कल्पना सुचली, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. एका शिक्षिकेचे ऋण एक राष्ट्राध्यक्ष जाहीरपणे मानतो आणि आपल्या लेखात ती शिक्षिका नाही, तो कार्यक्रमही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शाळेच्याही मागे जायचे तर राजधानी ताल्लिनमधील सायबरनेटिक्स (यंत्रांचे नियंत्रण आणि संगणन यांचे शास्त्र) संस्था 1960 साली, सोव्हिएत राजवटीत स्थापन झाली. तिच्यातून 1997 मध्ये निघालेल्या सायबरनेटिका या कंपनीचा एक्स-रोड घडवण्यात मोठा वाटा आहे. सरकारी खात्यांच्या नोंदवह्या एकमेकींशी बोलू शकतात त्या 2001 पासून सुरू असलेल्या या व्यवस्थेमुळेच. स्काइपचे मालक स्वीडनचे आणि डेन्मार्कचे होते. 2003 मध्ये प्रत्यक्ष प्रणाली लिहिली ती आह्ती हाइन्ला, प्रीत कासेसालू आणि यान ताल्लिन या एस्टोनियन तरुणांनी. ही माणसे तयार होती म्हणून गुंतवणूकदार तिकडे वळले. लेखात हा क्रम नेमका उलटा लावला आहे.

मला हे इतके का लागले, तेही सांगतो. आमच्या तालुक्यातील ज्या शाळेत मी शिकवत होतो, तिथे एका योजनेतून दहा संगणक आले. खोलीला नवा रंग लागला, फरशी बसली, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली. मुले चपला बाहेर काढून आत जात आणि भिंतीला लागून उभी राहून पाहत. विषय शिकवताना या यंत्रांचा उपयोग कसा करायचा, हे आम्हा शिक्षकांना कोणीही दाखवले नव्हते. ‘बिघडले तर भरपाई तुमच्या पगारातून होईल,’ अशी तंबी मात्र पहिल्याच बैठकीत मिळाली होती. पावसाळ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या. नव्या बॅटऱ्यांसाठी केलेला पत्रव्यवहार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला आणि खोलीला कुलूप लागले. तपासणीच्या दिवशी ते उघडायचे, पडद्यांवरची प्लास्टिकची आच्छादने काढायची, धूळ पुसायची आणि साहेब गेले की पुन्हा घालायची. त्या वर्गातील एक मुलगी कागदावर कीबोर्ड काढून त्यावर बोटांचा सराव करत असे. ती हुशार होती. तिचे पुढे काय झाले ते मला माहीत आहे आणि त्याबद्दल मी आजही कोणाला क्षमा करू शकत नाही.

एस्टोनियात यंत्रे आली आणि त्याबरोबर हजारो शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले. 2001 मध्ये तिथल्या बँका आणि दूरसंचार कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी पुढच्या काही वर्षांत सुमारे एक लाख प्रौढांना संगणकाचे प्राथमिक धडे दिले. इतक्या लहान देशात एक लाख म्हणजे मोठी संख्या झाली. पुढे 2005 मध्ये स्थानिक निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान सुरू करता आले, ते या पायावर.

लेखात तिथल्या संगणकीय व्यवस्थेला लावलेला ‘अभेद्य’ हा शब्दही मागे घ्यावा. एप्रिल 2007 मध्ये त्या देशाच्या बँका, वर्तमानपत्रे आणि सरकारी संकेतस्थळे यांच्यावर मोठा सायबर हल्ला झाला होता. 2017 मध्ये सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये गंभीर दोष सापडला. सरकारने तो लपवला नाही, लोकांना सांगितले आणि नोव्हेंबरमध्ये त्या कार्डांची, इंटरनेटवर ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित केली. ही उघडपणे दोष सांगण्याची सवय लेखात यायला हवी होती.

सिल्लामाए आणि नार्वा या पूर्वेकडच्या गावांनाही लेखात जागा नाही. सोव्हिएत काळात बाहेरच्यांना बंद असलेल्या आणि युरेनियमवर प्रक्रिया करणाऱ्या सिल्लामाएमध्ये आज दुर्मीळ मृदा धातू वेगळे केले जातात. शेजारच्या नार्वात 2025 मध्ये त्याच धातूंपासून विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी चुंबक बनवणारा कारखाना सुरू झाला. उद्याचा उद्योग म्हणावा तर हा आहे. आपले बुधवारचे विज्ञानाचे पान बंद झाले नसते तर हा विषय तिथे नक्की आला असता. ते पान का बंद केले याचा खुलासा वाचकांना अजून मिळालेला नाही आणि मी याविषयी आधी लिहिलेल्या पत्राला उत्तरही आलेले नाही.

लेखाचा उत्तरार्ध पुढील रविवारी येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात 1997 नंतर तिथल्या शिक्षकांना कोणी आणि काय शिकवले, यासाठी निदान अर्धे पान राखून ठेवावे, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक, जि. सातारा