श्वास मोजायला सभागृहात शिकता येत नाही

महोदय,

विटावा, दिघा, किसननगर अशा वस्त्यांत परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर एक गोष्ट लिहावीशी वाटते. आशाताई आणि अंगणवाडी सेविका एकाच चाळीतल्या एकाच बाळाकडे जातात. पण एकीचं प्रशिक्षण आरोग्य खात्याकडे, दुसरीचं महिला व बालविकासकडे. दोघींच्या वाट्याला बहुतेक वेळा सभागृह, पडदा आणि चहा-बिस्किटंच येतात.

एक वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त (दोन महिन्यांच्या आतल्याचा ६०), तर न्यूमोनियाचा संशय धरायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण मिनिटभर पोटाकडे बघत मोजायचं, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही, हे शेजारी बसून कुणी करून घेतल्याशिवाय जमत नाही. कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतात, त्या पट्टीचंही तेच. पट्टी आवळली की धडधाकट पोर ११.५ सेंटिमीटरच्या खाली जाऊन तीव्र कुपोषित ठरतं. सैल सोडली की खरं कुपोषित निसटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या साध्या बायकांकडून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेऊन दाखवली, त्यामागे असंच हाताला धरून शिकवणं आणि मागून देखरेख होती.

बालशिक्षणाचं तर आणखीच अवघड. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा, कमी शिकलेलीला वर्षाचा अभ्यासक्रम, तोही मुख्यतः मोबाइल आणि टीव्हीवरून. त्याच मोबाइलवर तिला पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲपही भरायचं असतं! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, पानं-बिया-शिंपल्यांवर मुलांना शिकवलं. ते पाहून, करून शिकायचं काम आहे.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी एवढं करावं: लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात बाळं आयतीच येतात. महिन्यातून एकदा त्या दिवशी आशाताई आणि सेविका दोघींना एकत्र बोलवून अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली सराव द्यावा. आणि त्या दिवसाचा भत्ता रोख द्यावा, कारण आशांचा बराचसा मोबदला कामागणिक असतो. दिवस प्रशिक्षणात गेला की तेवढे पैसे बुडतात.

– एक निवृत्त परिचारिका, कळवा