ॲडमिन पासवर्ड कशाला हवाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रॅक्टिकल जवळ आली की आमच्या लॅबमध्ये एकच घोषा सुरू होतो, "सर, सॉफ्टवेअर टाकायचंय, ॲडमिनचा पासवर्ड द्या ना". मी एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. मागे एकदा कंटाळून दिला एका पोराला पासवर्ड, तर त्याने नेटवर बघून उबुंटूवर (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) सुडो, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने काम करणारी कमांड लावून पायथन या प्रोग्रामिंग भाषेची व्हर्जनच बदलली आणि दुसऱ्या दिवशी त्या पीसीवर टर्मिनलच (कमांड टाइप करायची खिडकी) उघडेना. उबुंटूची स्वतःचीच बरीच कामं, अगदी अपडेट करणारं सॉफ्टवेअरसुद्धा, त्या पायथनवर चालतात हे त्याला कुठून माहीत असणार. हेतू वाईट नव्हता बिचाऱ्याचा, पण पुढची बॅच खोळंबली आणि बोलणी मी खाल्ली.

मग वरून हुकूम आला, यापुढे कुणी काहीच इन्स्टॉल करायचं नाही. साप म्हणून भुई धोपटायची ती अशी!

अहो, बरंचसं सॉफ्टवेअर फक्त आपल्या लॉगिनपुरतं टाकता येतं, त्याला ॲडमिन लागतच नाही. विंडोजवर व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचा 'युजर इन्स्टॉलर' घेतला की तो सगळ्यांच्या सामायिक प्रोग्राम फाइल्स फोल्डरला हात न लावता आपल्याच ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतो. मराठी फॉन्टसुद्धा विंडोज 10 च्या 2018 मधल्या अपडेटपासून एकट्या युजरला टाकता येतात. पायथनमध्ये तर पिपला (पायथनची पॅकेजेस टाकणारी कमांड) 'युजर' लावून ती आपल्यापुरती टाकायची सोय कधीपासूनची आहे. फक्त 2023 पासूनच्या डेबियन (उबुंटूची मूळ सिस्टिम) आणि उबुंटूवर ती सरळ चालत नाही, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' (म्हणजे हे पायथन सिस्टिम सांभाळते) असा एरर येतो, आणि नेटवर कुणीतरी लगेच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' लावा म्हणून सांगतो. अरे बाबांनो, नावातच 'मोडा' लिहिलंय की! तिथे आपल्या होम फोल्डरमध्ये व्हेन्व्ह, म्हणजे पायथनची आपली वेगळी जागा बनवायची, त्यात हवं ते टाकायचं, बिघडलं तर फोल्डर डिलीट, बाकी मशीनला पत्ताही लागत नाही. मात्र व्हेन्व्हचं पॅकेज उबुंटूवर एकदा ॲडमिननेच टाकून ठेवावं लागतं, ते काम आमचं, मुलांचं नाही.

एक गोष्ट मुलांना हमखास अडवते. होममधल्या लोकल-बिन या फोल्डरमध्ये एखादा प्रोग्राम ठेवला तरी 'कमांड नॉट फाउंड' येतं, कारण तो फोल्डर नवा असेल तर उबुंटू तो पाथमध्ये (कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांच्या यादीत) लॉगिनच्या वेळीच घेतं. लॉगआउट करून परत या, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

तोटे आहेतच. चाळीस मुलांनी टॉर्चसारखी (एआयसाठी वापरतात ती) मोठी लायब्ररी आपापल्या होममध्ये टाकली तर प्रत्येकाची काही जीबी जातात, डिस्क भरते. आणि भलतीच फाइल चालवली तर सिस्टिम वाचेल, पण त्या मुलाचं स्वतःचं प्रोजेक्ट वाचेलच असं नाही. तरी माझं म्हणणं एवढंच की ॲडमिनशिवाय आपल्यापुरतं सॉफ्टवेअर कसं टाकायचं हे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये पहिल्या पानावर लिहावं, आमच्याकडे विद्यार्थी ते कळायच्या आधीच सुडो शिकतात.

आपला,
एक लॅब असिस्टंट (कृपया नाव छापू नये)