प्रिझर्व्हेटिव्हशिवायचा पांढरा ब्रेड : बेकरीतल्या काकांना आभाराचं पत्र

काका,

सप्रेम नमस्कार.

ब्रेड शिळा होणं आणि ब्रेडला बुरशी लागणं हे दोन वेगळे रोग आहेत, हे तुम्ही आम्हाला पहिल्यांदा नीट उलगडून सांगितलंत. हे पत्र मुख्यतः त्यासाठी. घरी ब्रेड करणारे बहुतेक जण इथेच अडकतात. दुसऱ्या दिवशी ब्रेड कोरडा पडला की वाटतं, प्रिझर्व्हेटिव्ह नाही म्हणून असं झालं. पण कॅल्शियम प्रोपिओनेट, म्हणजे पाकिटावरच्या घटकांच्या यादीतला २८२ क्रमांक, ब्रेड मऊ ठेवतच नाही. तो बुरशी रोखतो आणि यीस्टला फारसा धक्का लावत नाही, म्हणून पिठात घालता येतो. मऊपणा सांभाळायला पाकिटातल्या ब्रेडमध्ये ४७१ किंवा ४८१ सारखे इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) आणि एन्झाइम असतात. म्हणजे घरी करताना दोन कामांची सोय वेगवेगळी लावावी लागते.

मऊपणाची सोय तुम्ही शिजवलेल्या पिठाने लावून दिलीत. ५०० ग्रॅम मैद्यातला २५ ग्रॅम काढायचा, १२५ ग्रॅम पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि मध्यम आचेवर ढवळत राहायचं. ६५ अंशांच्या आसपास ते एकदम दाटतं, चमचा फिरवला की मागे रेघ उरते. तिथेच खाली उतरवायचं. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे गोळा हाताला न चिकटता जास्त पाणी पितो आणि ब्रेड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. हे पूर्ण निवल्याशिवाय यीस्टजवळ न्यायचं नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत ते बरं झालं.

बाकीचं माप सगळ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे लिहितो: उरलेला ४७५ ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २५ ग्रॅम लोणी आणि ५ ग्रॅम साधं व्हिनेगर. वाटी-चमच्याने नाही, काट्यावर. मैदा कमी प्रथिनांचा असेल तर २० ग्रॅम पाणी आधी बाजूला ठेवायचं आणि गोळा मागेल तसं घालायचं. लोणी शेवटी, पीठ एकजीव झाल्यावर. आधी घातलं तर ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं लवचिक जाळं, जुळायला उशीर होतो.

पाण्याच्या तापमानाचा हिशेब तर सोन्यासारखा. मळलेला गोळा २६ अंशांवर हवा. २६ ची तिप्पट ७८. त्यातून मैद्याचं आणि खोलीचं तापमान वजा करायचं, मळताना येणाऱ्या उष्णतेचे आणखी तीनेक अंश सोडायचे. दोन्ही ३० असतील तर पाणी १५ अंशांचं, म्हणजे चक्क गार. यीस्टला कोमट पाणीच हवं असं मानून उन्हाळ्यात कोमट ओतलं की गोळा घाईने फुगतो, आंबूस वास मारतो आणि ओव्हनमध्ये बसतो.

मळणं किती, याचं उत्तर मिनिटांत नसतं. लिंबाएवढा तुकडा चार बोटांवर हळूहळू ताणायचा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला, आणि फाटलाच तर भोकाची कड गुळगुळीत राहिली, की थांबायचं. कड करवतीसारखी दातेरी असेल तर अजून पाच मिनिटं.

पहिल्यांदा दुप्पट फुगू द्यायचं. मग वळून साधारण दोन लिटरच्या टिनमध्ये, शिवण खाली करून. घुमट काठाच्या वर अंगठ्याभर आला की आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर ३५ मिनिटं. वरून लवकर लाल झाला तर फॉइल झाकायची. रंगावर विश्वास नाही; मधोमध थर्मामीटर ९४-९५ दाखवायला हवा. ब्रेडच्या बाजू आत खचतात त्याचं कारण बहुधा कमी भाजणं, नाहीतर ब्रेड टिनमध्येच राहून वाफेने ओला होणं. पाच मिनिटांत टिनमधून बाहेर, जाळीवर.

आता बुरशी. भाजताना बुरशीचे बीजाणू मरतात, त्यामुळे ओव्हनमधून निघालेला ब्रेड त्या बाबतीत स्वच्छ असतो. बुरशी येते ती नंतर : हवेतून, सुरीवरून, पाटावरच्या कालच्या चुऱ्यातून. म्हणून दोन ते तीन तास जाळीवर पूर्ण निववायचा, सुरी आणि पाट धुऊन कोरडे करायचे, मगच कापायचा. कोमट ब्रेड पिशवीत घातला की आतून थेंब धरतात, आणि ओल्या कडेवर बुरशीला आयतं घर मिळतं. व्हिनेगर थोडी मदत करतं, पण या शिस्तीची जागा घेत नाही. हिरवा ठिपका दिसला तर तेवढा भाग कापून उरलेला खायचा नाही. मऊ ब्रेडमध्ये बुरशीचे धागे न दिसता लांबवर गेलेले असतात.

एका बाबतीत मात्र भाजणं पुरत नाही : दोरी पडणं. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू ओव्हनमधूनही वाचतात. दमट उकाड्यात दुसऱ्या दिवशी ब्रेडला अति पिकलेल्या फळासारखा वास येतो, आतला भाग चिकट होतो आणि मोडला की तार सुटते. तो ब्रेड टाकून द्यायचा. टिन, पाट, पिठाचा डबा व्हिनेगरने पुसून काढायचा. पिठातलं ५ ग्रॅम व्हिनेगर खरं तर यासाठीच, कारण आंबटपणात हे जिवाणू वाढत नाहीत. उकाड्यात ते वगळू नये.

फ्रिजबद्दल तुमचं म्हणणं ऐकून आधी सगळ्यांनी भुवया उंचावल्या होत्या, पण ते खरं आहे. फ्रिजच्या थंडीत बुरशी मंदावते, पण स्टार्च सर्वांत वेगाने कडक होतो. टोस्टच करायचा असेल तर चालेल. नुसता मऊ खायचा तर पिशवीत, बाहेर, दोन दिवस; उरलेले स्लाइस त्याच दिवशी फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, आणि तिथून थेट टोस्टरमध्ये.

विकत घेताना काय वाचायचं तेही तुम्हीच शिकवलंत. २८० ते २८३ म्हणजे प्रोपिओनिक आम्ल आणि त्याचे क्षार, २०० आणि २०२ म्हणजे सॉर्बिक आम्ल आणि त्याचा पोटॅशियम क्षार. हे आकडे दिसले की प्रिझर्व्हेटिव्ह आहे. ३०० मात्र एस्कॉर्बिक आम्ल. ते पिठाला ताकद द्यायला असतं, ब्रेड टिकवायला नाही. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं लिहून खाली ‘कल्चर्ड व्हीट’ किंवा ‘आंबवलेलं पीठ’ असेल तर त्यातही बहुधा जिवाणूंनी तयार केलेलं प्रोपिओनिक आम्लच असतं. आमच्या मते त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आम्ल स्विस चीजमध्येही आपोआप तयार होतं. पण मग पहिली ओळ तितक्या मोठ्या अक्षरांत कशाला?

एक शंका उरली आहे. यीस्ट १ ग्रॅमवर आणून गोळा रात्रभर फ्रिजमध्ये फुगवला तर चव वाढते, पण घुमटाखाली कधी कधी मोठी पोकळी येते. वळताना हवा नीट दाबून काढली जात नाही की गार गोळा टिनमध्ये पुरेसा सैलावत नाही? सवडीने कळवा. तोवर पुढच्या खेपेला दोन्ही करून पाहतो.

आपले,
घरी ब्रेड भाजणारे आम्ही सगळे