बाबा, कॅम्परमध्ये नळ चालू ठेवून भागत नाही

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "नळ थेंबथेंब चालू ठेव, वाहतं पाणी लवकर गोठत नाही." घरात मी तेच करते. पण कॅम्परमध्ये, म्हणजे आमच्या राहायच्या-फिरायच्या गाडीत, ते थेंब सांडपाण्याच्या टाकीत साठत जातात, आणि टाकीची तोटी उघडी ठेवली तर बाहेरच्या पाइपात थिजून बर्फाचा बोळा बसतो. म्हणून तोटी बंद आणि नळही बंद.

टेक्सासमधल्या आमच्या ऑस्टिनची थंडी दोन रात्रींची. उणे चार-पाचला जाते नि तिसऱ्या दुपारी स्वेटर काढायला लावते. त्यामुळे उत्तरेकडच्यांसारखी गाडी हिवाळाभर कोरडी करून ठेवत नाही. आम्ही जानेवारीतही फिरतो.

एखादीच रात्र असेल तर बाहेरच्या नळाची होज सोडवून रिकामी करायची, आतल्या टाकीतलं पाणी पंपाने वापरायचं, बेसिनखालची दारं उघडी ठेवायची. आणि गाडी गरम ठेवणारी गॅसची फर्नेस चालू. इथेच पहिल्या वर्षी फसलो. गॅस वाचवायला विजेचा छोटा हीटर लावला. आत मस्त ऊब, म्हणून फर्नेस रात्रभर सुरूच झाली नाही. आणि आमच्या गाडीच्या पोटातल्या नळ्यांना ऊब मिळते ती तिच्याच गरम हवेने. आम्ही रजईत, नळ्या गारठ्यात! सकाळी पंप नुसता घुंघुं करतोय. दुपारी पाणी सुटलं, काही फुटलं नाही, नशीब.

दिवसाही पारा शून्याच्या वर येणार नसेल, तर मात्र सगळं पाणी काढतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे वीजच गेली होती, आठवतं ना? हीटरचा भरवसा काय धरायचा? गीझर गार झाल्यावर त्याचं बूच काढायचं, गाडीखालचे ड्रेन आणि सगळे नळ उघडायचे, मग ४० पीएसआयच्या आतल्या दाबाने हवा मारून उरलंसुरलं बाहेर. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे सहजी न गोठणारं द्रव. आई, हे मोटारीच्या इंजिनातलं नव्हे गं, ते विषारी असतं.

एकदा बाहेरचा शॉवर विसरले. त्यात वाटीभर पाणी असेल-नसेल, पण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. मार्चमध्ये भिंतीच्या आत गळती सापडली. तेव्हापासून तुमचे जावई आधी शॉवरकडे जातात.

बाबा, निफाडला कडाका पडला की तुम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवून ठिबक सुरू करायचात. तिथे पाणी द्राक्षं वाचवायचं, इथे मी पाण्यापासून गाडी वाचवतेय. यंदा शेकोट्या पेटवायची वेळ आली का?

काल रात्री उणे तीन होतं. सकाळी पंप लावला, आधी नळातून फुर्रकन हवा आली, मग पाणी. लगेच चहा टाकला.

तुमची,
लेक