झायलीनची बाटली बदलण्यापूर्वी

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत बायोप्सीचे तुकडे तपासणीसाठी तयार करताना झायलीन हा विषारी द्रव वापरतात. त्याचा वापर कमी व्हावा, ही मागणी रास्तच आहे. पण ‘बिनविषारी’ असे लेबल लावलेला द्रव आणून झायलीनच्या जागी ओतला की काम झाले, असे मानून खरेदी होते तेव्हा त्याची किंमत बायोप्सीच्या निदानाला मोजावी लागते. म्हणून हे पत्र.

बायोप्सीचा तुकडा मेणात बसवल्याशिवाय त्याचे तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप निघत नाहीत. तुकड्यातले पाणी अल्कोहोलने काढतात, पण अल्कोहोल आणि पॅराफिन मेण एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे मध्ये दोघांशी जमणारा द्रव लागतो. त्यालाच क्लिअरिंग एजंट म्हणतात. झायलीन हे काम लवकर करते आणि तुकडा पारदर्शक झाला की काम पुरे झाल्याचे डोळ्यांना दिसते. ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या तुकड्याला साधारण तासातासाचे दोन चेंज (दर वेळी नवा द्रव) पुरतात. तीन तासांच्या पुढे ठेवले की ऊती कडक व ठिसूळ होतात. मेंदू आणि लसीका ग्रंथींचे तुकडे तर मायक्रोटोमवर (काप काढायच्या यंत्रावर) चुरतात. सुईने काढलेली बारीक बायोप्सी मोठ्या तुकड्यांसोबत यंत्राच्या त्याच लांब प्रोग्रामवर टाकणे म्हणूनच चुकीचे आहे.

पर्याय निवडताना पहिली परीक्षा पाण्याची. लिमोनीन (लिंबूवर्गीय फळांच्या सालीतला द्रव) आणि ॲलिफॅटिक हायड्रोकार्बन (खनिज तेलापासूनचे द्रव) हे दोन्ही पर्याय झायलीनपेक्षा पाणी कमी सहन करतात. शेवटचे ॲबसोल्यूट (निर्जल) अल्कोहोल ओलसर झालेले असेल तर द्रव दुधाळ होतो, तुकड्याचा गाभा अपारदर्शक राहतो, मेण आत शिरत नाही आणि कापाच्या मधोमध भोक पडते. तंत्रज्ञ दोष देतो मेणाला. चूक असते दोन टप्पे आधी. नवा द्रव आणण्यापूर्वी ॲबसोल्यूटचे तीन चेंज आणि ते बदलण्याचे वेळापत्रक पक्के हवे.

दुसरी परीक्षा मेणाची. झायलीन १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, लिमोनीन सुमारे १७६ अंशांना. साठ अंशांच्या मेणात वाहून आलेले झायलीन थोडेफार उडून तरी जाते, लिमोनीन मात्र साचत राहते. मग ब्लॉक (तुकडा बसवलेले मेणाचे ठोकळे) मऊ पडतात आणि रिबन, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या कापांची पट्टी, नीट येत नाही. मेण लवकर बदलावे लागते. तो खर्च दर लिटरच्या किमतीत दिसत नाही. लिमोनीनच्या उग्र वासाने काहींचे डोके दुखते आणि हवेत राहून ऑक्सिडाइझ झाले की त्वचेला ॲलर्जीही होते. ‘नैसर्गिक’ म्हणजे हातमोज्यांशिवाय हाताळण्याजोगे, असा अर्थ नाही.

क्लोरोफॉर्म ऊती कमी कडक करते आणि पेटत नाही, पण त्यात तुकडा पारदर्शक होत नसल्याने काम कधी पुरे झाले ते कळत नाही. शिवाय ते तापल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. बेंझीनचा विचारही नको. त्याने रक्ताचा कर्करोग होतो.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न वेगळाच आहे: झायलीनची वाफ नेमकी कुठून येते? बंद टिश्यू प्रोसेसर (तुकडे एकेका द्रवातून मेणापर्यंत नेणारे यंत्र) चालू असताना त्यातून फारसे काही बाहेर पडत नाही. त्रास होतो तो द्रव बदलताना, उघड्या स्टेनिंग जारांवर (काप रंगवायच्या भांड्यांवर) वाकून काम करताना आणि स्लाइडवर कव्हरस्लिप (पातळ काच) लावताना. अमेरिकेतील ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आहे; ‘एसीजीआयएच’ या तिथल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये शिफारस २० पीपीएमवर आणली. नाकावर विसंबू नये, कारण सवयीने वास येईनासा होतो. म्हणून वाफ ओढून घेणारा हुड, जारांना झाकण आणि नायट्राइल हातमोजे तिथे आधी हवेत. साधे लॅटेक्स झायलीनपुढे टिकत नाही. तिथे झायलीनऐवजी ॲलिफॅटिक द्रव वापरायचा तर माउंटिंग मीडियमही (कव्हरस्लिप चिकटवणारा द्रव) त्याला जुळणारे घ्यावे. नेहमीचे डीपीएक्स हे मीडियम झायलीनमध्ये विरघळवलेले असते. न जुळल्यास स्लाइड धूसर होते.

खरेदी समित्यांना विनंती: दरपत्रक मंजूर करण्याआधी चरबीयुक्त स्तन, गर्भाशयाचा स्नायू आणि लसीका ग्रंथी यांचे जोड तुकडे जुन्या व नव्या द्रवात समांतर चालवून पाहा, आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्टला कोणती कशातली ते न सांगता दाखवा. वापरलेला द्रव, लेबलवर ‘विघटनशील’ लिहिले असले तरी, बेसिनमध्ये ओतू नका. त्यात मेण आणि चरबी विरघळलेली असते, त्यामुळे तो रासायनिक कचऱ्यातच जायला हवा.

आपला,
एक हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ