जागेच्या जाहिरातीत जुलैचा फोटोही असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली बावीस वर्षं मी बेळगावात जागा-घरांच्या व्यवहारात मध्यस्थाचं काम करतो. राहायला शहापुरात. पूर्वी आमची जाहिरात म्हणजे पेपरातल्या तीन ओळी आणि खडेबाजारातली ओळखपाळख. आता गिऱ्हाईक आधी मोबाईलवर शोधतं आणि मग फोन करतं. म्हणून सहा वर्षांपूर्वी मुलीच्या मदतीनं मीही वेबसाईट काढली आणि तिच्यावर मराठीत ब्लॉग लिहायला लागलो. धंद्यातल्या माझ्या भावांशी त्याबद्दलच बोलायचं आहे.

निमित्त एका जवानाचं. खानापूर तालुक्यातला गडी, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. बेळगावाजवळ थर्टी बाय फोर्टी फुटांची एक साईट, म्हणजे प्लॉट, घेऊन घर बांधायचं, एवढंच त्याचं स्वप्न. एका वेबसाईटवर कमान, बगीचा, रुंद रस्ते असं संगणकावर काढलेलं चित्र त्यानं पाहिलं आणि ड्यूटीवरूनच पन्नास हजार आगाऊ पाठवले. सुट्टीवर येऊन बघतो तर भाताचं शेत! बिनशेतीचा हुकूम नाही, ले-आऊटला मंजुरी नाही, व्यवहार बाँडवर, म्हणजे नुसत्या स्टँपपेपरवर, करू म्हणतात. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. जमिनीचा उतारा कानडीत, त्याला एक अक्षर लागत नव्हतं. नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं आणि अकराव्यात कर्जबोजा, हे मी बोट ठेवून दाखवलं. अकराव्या रकान्यात सोसायटीचं कर्ज होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्या रात्री मी ब्लॉगवर पहिल्यांदा मनापासून लिहिलं. तोवर ‘निसर्गरम्य परिसर’, ‘सुवर्णसंधी’ असलंच मी लिहीत होतो, त्याला कुणी विचारत नव्हतं. पहाणी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कसा वाचायचा, सर्व्हे नंबर घालून ‘भूमी’ या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या कसा बघायचा, हे रकान्यांच्या क्रमानं मराठीत लिहिलं. आज माझ्या वेबसाईटवर सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख तोच आहे. पुण्याहून, गोव्याहून, सांगलीहून फोन येतात ते ‘तुमचा उताऱ्यावरचा लेख वाचला’ असं म्हणूनच. जागेची चौकशी त्यानंतर होते.

दुसरा घोळ शेतजमिनीचा. 2020 साली कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्यातली आडवी येणारी कलमं रद्द झाली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेती विकत घेता येऊ लागली. घेता येते म्हणजे तिथं घर बांधता येतं, असं अनेक वेबसाईट सुचवतात, आणि बाहेरचं गिऱ्हाईक फसतं ते इथंच. खरेदी कायदेशीर असली तरी घरासाठी साधारणपणे बिनशेती करून घ्यावी लागते. ही एक ओळ जाहिरातीत लिहायला किती जागा लागते?

पाण्याबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे साईटचे फोटो काढतात फेब्रुवारीत. आभाळ निळं, जमीन कोरडी, चुन्याच्या रेषा ठसठशीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात कितीतरी घरांत पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बळ्ळारी नाल्याकाठी वडगाव-शहापूर शिवारातलं भात दर काही वर्षांनी पाण्याखाली जातं, हे तिथल्या शेतकऱ्याला पाठ आहे. पुण्यात बसून मोबाईल बघणाऱ्याला कोण सांगणार? मी जुलैत छत्री घेऊन जातो आणि पाणी साचलेल्या जागेचा फोटो तारखेसह वेबसाईटवर टाकतो. एका जमीनमालकानं त्यावरून व्यवहार माझ्याकडून काढून घेतला. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण त्याच पानावरचे फोटो बघून हिंदवाडीतल्या एका शिक्षिकेनं आपलं जुनं घर विकायला माझ्याकडे दिलं. ‘तुम्ही खोटं सांगणार नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या.

धंद्याच्या कामाच्या दोन गोष्टीही सांगतो. सरकारनं 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं नाव बेळगावी केलं, पण बाहेरची माणसं अजून इंग्रजीतलं जुनं स्पेलिंग घालून शोधतात. मजकुरात दोन्ही स्पेलिंगं आणि देवनागरीत ‘बेळगाव’ अशी तिन्ही रूपं येऊ द्यावीत. आणि फोटो हलके ठेवावेत. सीमेवरच्या चौकीतून, रेंज अर्धी असताना, एखादा जवान ते पान उघडत असतो.

कानडीतही लिहावं. माझं कानडी बोलण्यापुरतंच आहे, लिहायला अनगोळचा एक मित्र मदत करतो. गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं आहे आणि फसवणूक भाषा बघून होत नाही.

आता कायद्याचं. 2016 च्या रेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्यानुसार 500 चौरस मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर रेरा प्राधिकरणाकडं नोंदणी होण्याआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही. नोंदणी झाल्यावरही जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक द्यावा लागतो. वेबसाईट, ब्लॉग, व्हॉट्सअॅपचं स्टेटस ही सगळी जाहिरातच. असे प्लॉट विकून देणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी लागते. तरी आपल्याच भागातली कित्येक पानं मी बघतो, त्यांवर हेलिकॉप्टरमधून काढल्यासारखी चित्रं आहेत, क्रमांक कुठंच नाही.

संपादक महोदय, आपल्या पेपरातही आणि पेपरच्या वेबसाईटवरही ले-आऊटच्या जाहिराती येतात. रेरा क्रमांक लागू असून तो दिलेला नसेल, तर ती जाहिरात आपण परत पाठवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपलं उत्पन्न काही काळ घटेल, याची मला जाणीव आहे. तो जवान आता पुढच्या महिन्यात कायमचा घरी येतोय आणि त्याच्यासाठी मी बेळगावाजवळच्या मच्छे गावाकडं दोन साईट बघून ठेवल्या आहेत. दोन्हींचे पावसातले फोटो त्याला आधीच पाठवलेत.

आपला,
एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव