शेवटच्या फेरीत सोबत धावणाऱ्या कोच ताईंना

आदरणीय कोच ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका सकाळी सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून खाली बसल्या, तेव्हा घरात मी एकटीच होते. कुठे फार दुखत नाही ना, पाय हलतात ना, एवढे विचारून घेतले. मग त्यांचे हात माझ्या गळ्यात घेतले, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि त्यांना छातीशी घट्ट धरून उठले. मैदानावरच्या आपल्या सामूहिक व्यायामाच्या बॅचमध्ये आमच्याकडून वाळूच्या पिशव्या उचलून घेताना तुम्ही दोन वर्षे कानीकपाळी ओरडत आलात, ते "पाठीने नको, मांड्यांनी!" त्या क्षणी मला अक्षरशः ऐकू आले. आभाराचे हे पत्र खरे तर तेव्हाच लिहायला हवे होते.

तुमच्याकडे येण्याआधी मी एका व्यायामशाळेत वर्षाचे पैसे भरून जेमतेम अकरा दिवस गेले होते. तिथे हातात व्यायामांचा तक्ता मिळाला. तो करणारी मी आणि समोर आरसा, एवढाच सहवास. त्यानंतर शेजारणीच्या आग्रहाखातर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपण सगळे अजूनही ज्याला गोल्फ क्लबच म्हणतो तिथे, डिसेंबरच्या कडाक्यात पावणेसहाला आले. तिसऱ्या बर्पीला (खाली वाकून, पाय मागे टाकून, पुन्हा उठून उडी मारायचा तो व्यायाम) गवतावर बसले आणि चप्पल कुठे काढली ते शोधू लागले. तेवढ्यात ज्यांच्या फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या, ते पाण्याच्या बाटल्या खाली ठेवून माझ्याकडे परत आले आणि माझ्या उरलेल्या बर्पी माझ्याबरोबर घालू लागले. शेवटच्या माणसाचे संपेपर्यंत बॅच संपत नाही, हा तुमचा नियम मला तोवर ठाऊक नव्हता. त्या दिवशी मला धीर आला असे म्हणणार नाही. विलक्षण लाज वाटली. पण पुढच्या वेळी मी पुन्हा आले ती त्या लाजेमुळेच.

जोड्या लावताना तुम्ही मला नेहमी माझ्याहून थोडाच सरस जोडीदार का देता, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. पुढे वाचनात आले की १९२० च्या दशकात ऑटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नौकानयन करणाऱ्यांना एकेकट्याने आणि मग जोडीने वजन उचलायला लावले, तेव्हा जोडीतला कमकुवत गडी एकट्याने केले असते त्याहून अधिक वेळ टिकला. मात्र दोघांच्या ताकदीत फार अंतर असले, की हा लाभ कमी होत असे. तुम्ही हे कधी वाचले होते की अनुभवाने जाणले होते, हे विचारायचे राहूनच गेले.

पहिल्या महिन्यात दंड मुळीच जाड झाले नाहीत, तरी पिशवी हलकी का वाटते, असे मी विचारले होते. सुरुवातीची ताकद बव्हंशी मेंदू आणि नसांची असते, स्नायूंचे अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकते आणि स्नायू मागाहून भरतात, हे तुमचे उत्तर मी ऑफिसात निदान दहा जणांना ऐकवले आहे. जोरकस व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस आणि विश्रांतीच्या दिवशी मैदानावर दिसायचे नाही, ही शिस्तही तुमचीच. (तुमच्या त्या स्पीकरवरच्या गाण्यांबद्दलची माझी तक्रार मात्र कायम आहे.)

सातपूरहून रात्रपाळी संपवून थेट येणारे दादा, पंचवटीत भाजी विकणाऱ्या मावशी, कॉलेजातल्या मुली आणि आपले निवृत्त पोस्टमास्तर काका, ही माणसे एरवी माझ्या आयुष्यात आली नसती. समर्थ रामदास टाकळीला रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत असे परंपरा सांगते, तेव्हा बारांसाठी कुरकुर कसली, हे काकांचे वाक्य आता आम्ही त्यांच्या आधीच म्हणतो. एकत्र धापा टाकलेल्या माणसांसमोर फार सोंग करता येत नाही, म्हणून असेल कदाचित, पण सासूबाई पडल्या त्या दिवशी मी पहिला फोन नातेवाइकांना नव्हे, काकांना केला. ते गाडी घेऊन आले, एक्स-रे काढला, हाड शाबूत निघाले. संध्याकाळी मावशी मेथीच्या दोन जुड्या दारात ठेवून गेल्या आणि पैशांचा विषय काढू देईनात.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांना विचारून सासूबाईंना आता खुर्चीवरून आधाराशिवाय उठण्या-बसण्याचा सराव सुरू केला आहे. रोज दहा वेळा करायचे ठरले आहे. मोजायला त्या मला समोर बसवतात, आणि सात झाले की "दहा" म्हणून मोकळ्या होतात. मग मी माझी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढते आणि उरलेले तीन आम्ही दोघी मिळून करतो.

आपली नम्र,
पावणेसहाच्या बॅचमधली शेवटून पहिली
नाशिक